खासगीपणा उमरीलाही लागतो

‘आपल्याकडे लपवायला आहेच काय?’ माहितीच्या गैरवापराचा विषय काढला की उमरीच्या बाजारात हा प्रश्न हमखास येतो. दुसरा म्हणतो, ‘तक्रारीसाठी दिल्लीला कोण जाणार?’ कायदा थोडाफार ऐकलेला तिसरा बजावतो, ‘खोटी ठरली तर दहा हजारांचा दंड आहे, नादी लागू नका.’ तिन्ही आक्षेप तपासून पाहू.

पीकविमा, कर्ज, अनुदान यांसाठी शेतकरी आधार, पासबुक, सातबारा आणि मोबाइल क्रमांक झेरॉक्सच्या एकाच गठ्ठ्यात देतो. यातले एकेक गुपित नसेल. पण हा गठ्ठा भलत्याच्या हाती पडला तर आपल्या नावावर परस्पर कर्ज निघू शकते. कर्जाची अ‍ॅप्स फोनमधले क्रमांक उचलतात आणि हप्ता थकला की सोयऱ्याधायऱ्यांत अब्रू काढतात. म्हणूनच रिझर्व्ह बँकेने 2022 मध्ये डिजिटल कर्ज देणाऱ्यांना संपर्कयादीला हात लावायला मनाई केली. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी 24 ऑगस्ट 2017 रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, तो लपवाछपवी करणाऱ्यांसाठी नव्हे.

दिल्लीचे अंतरही खरे नाही. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने नेमायचे मंडळ डिजिटल पद्धतीनेच चालणार आहे. मात्र थेट तिथे जाता येत नाही. आधी माहिती घेणाऱ्या कंपनीकडे वा संस्थेकडे तक्रार करायची. नियमांनुसार तिने जास्तीत जास्त 90 दिवसांत ती निकाली काढायची. तिथे दाद मिळाली नाही की मंडळ, आणि मंडळाचा निर्णय पटला नाही तर 60 दिवसांत अपील.

दंडाची भीती अर्धवट वाचनातून आली आहे. तो खोट्या किंवा उथळ तक्रारीला आहे. कागद हाती असलेल्या खऱ्या तक्रारदाराने का घाबरावे?

आक्षेप घेणाऱ्यांची एक बाजू मात्र मान्य करावी लागेल. कंपनीला 250 कोटींपर्यंत दंड होऊ शकतो. पण तो सरकारी तिजोरीत जातो, नुकसान झालेल्याला भरपाई नाही. शिवाय नोव्हेंबर 2025 च्या अधिसूचनेनुसार नागरिकांच्या हक्कांची कलमे 18 महिन्यांनी, म्हणजे मे 2027 मध्ये लागू व्हायची आहेत.

तोवर हातावर हात ठेवून बसण्याचे कारण नाही. पैसे गेले असतील तर तत्काळ 1930. आधारची शंका असेल तर 1947, आणि बोटांच्या ठशांना लॉक लावण्याची सोय. बँक किंवा वित्तसंस्थेने लेखी तक्रारीला 30 दिवसांत उत्तर दिले नाही, तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल. कंपनीच्या हलगर्जीने माहिती फुटून नुकसान झाले, तर माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली राज्याच्या आयटी सचिवांकडे भरपाईचा दावा करता येतो.

या प्रत्येक दारात पुरावा लागतो. म्हणून तारीख, स्क्रीनशॉट, संदेश, पोच जपा. संमतीची विनंती मराठीत मिळवण्याची तरतूद कायद्यातच आहे; मग मंडळाने तक्रारही मराठीत घ्यावी आणि तालुक्याच्या सेवा केंद्रातून ती भरण्याची सोय सरकारने करावी. उमरीकरांनी ही मागणी लावून धरावी आणि पहिला अर्ज तोंडी नव्हे, लेखीच द्यावा.