कोणते फुप्फुस श्वास घेते आहे?

काही वर्षांपूर्वी लॅमिंग्टन रोडवरील माझ्या दवाखान्यात पावणेदोन वर्षांच्या नातवाला घेऊन एक आजी आल्या. तीन आठवडे खोकला, छातीत घरघर. मी बालदमा समजून औषधे दिली. दुसऱ्या खेपेस आजी सहज म्हणाल्या, "डॉक्टर, शेंगा खाताना ठसका लागला होता, तेव्हापासून हे असं आहे बघा." श्वास सोडल्यावर काढलेल्या फोटोत उजवे फुप्फुस आकसले होते, डावे मात्र फुगलेलेच होते. दुर्बिणीतून अर्धा शेंगदाणा निघाला. ठसक्याबद्दल पहिल्याच भेटीत विचारले नाही, ही चूक माझी.

फुप्फुसांचे काम मोजायचे म्हटले की आपल्याला स्पायरोमेट्री आठवते. परंतु पाच वर्षांखालील मुलाला तशी फुंकर सहसा जमत नाही. आणि जमली तरी हाती येते ती केवळ बेरीज. एकत्र कुटुंबाच्या जमाखर्चावरून कोण कमावतो आणि कोण बसून खातो, हे कळत नाही. तसेच हे आहे.

हा भेद दाखविणारी साधने आता पुढे आली आहेत. इलेक्ट्रिकल इम्पीडन्स टोमोग्राफीत छातीभोवती इलेक्ट्रोडचा पट्टा बांधून अतिसौम्य वीजप्रवाह सोडतात. कोणत्या भागात हवा खेळते ते खाटेपाशीच पडद्यावर दिसते. झेनॉन-१२९ वायू हुंगवून केलेल्या एमआरआयला अमेरिकेत डिसेंबर २०२२ मध्ये, प्रारंभी १२ वर्षे व त्यापुढील रुग्णांसाठी, मान्यता मिळाली. या दोहोंत क्ष-किरणांचा वापर नाही. यांचे स्वागतच केले पाहिजे.

तथापि त्या यंत्रांची वाट पाहत बसण्याचे कारण नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. अडकलेला दाणा पुष्कळदा हवा आत जाऊ देतो, बाहेर येऊ देत नाही. म्हणूनच श्वास घेतलेला आणि सोडलेला, असे दोन फोटो शेजारी ठेवले की साधा एक्स-रेसुद्धा प्रत्येक फुप्फुसाचे काम सांगू लागतो. लहानग्याला सांगून श्वास सोडता येत नाही. त्याला एकेका कुशीवर निजवून फोटो काढावा. खालचे फुप्फुस आकसायला हवे. न आकसल्यास शंका घ्यावी. मात्र शेंगदाणा स्वतः फोटोत दिसत नाही, आणि फोटो निर्दोष आला म्हणून निश्चिंतही राहता येत नाही. ठसक्याची हकीकत ठाम असेल, तर दुर्बीण तपासणीस विलंब नको.

व्यवसायबंधूंनो, घरघर एकाच बाजूस असेल, औषधाने हटत नसेल, तर दम्याचे औषध वाढविण्यापूर्वी दोन्ही बाजूंना स्टेथोस्कोप लावून स्वतःला विचारावे : कोणते फुप्फुस श्वास घेते आहे?

आणि पालकहो, आपला मुलूख शेंगांचा. भाकरीबरोबर शेंगदाण्याची चटणी हवीच. पण चिमुकल्यांना कूट द्यावे. पाच वर्षांचे होईपर्यंत अख्खा दाणा हाती देऊ नये. आणि ठसका लागला असेल, तर तो डॉक्टरांना न विचारता सांगावा. त्या आजींच्या एका वाक्याने जे दाखविले, ते माझ्या तीन आठवड्यांच्या निदानाला दिसले नव्हते.