‘मर्द’ कोणी घडवला? पेण–रोह्यापासून मेकॉलेपर्यंत

१/
समलिंगी पुरुषांच्या भेटीगाठींच्या ॲपवर एक अट वारंवार आढळते: बायकी नको, मर्दच हवा. दिवा–रोहा रेल्वेमार्गावरील पेण किंवा रोह्यासारख्या गावात, जिथे प्रत्येक मुलगा ‘अमक्याचा मुलगा’ म्हणून ओळखला जातो, तिथे अट घालणाऱ्याचा चेहराही बहुधा झाकलेला असतो. तो या अटीला आपली आवड म्हणतो. तिचा इतिहास मात्र त्याच्या जन्माच्या कितीतरी आधी सुरू होतो.

२/
आरंभ मेकॉलेपासून करावा लागतो. भारतीय दंडसंहितेचा पहिला मसुदा त्याच्या अध्यक्षतेखालील विधी आयोगाने १८३७ मध्ये सादर केला. त्यानंतर थोड्याच वर्षांत क्लाइव्ह आणि वॉरन हेस्टिंग्ज यांच्यावरील निबंधांत याच मेकॉलेने बंगाली माणसाला दुबळा आणि बायकी ठरवले. राज्य करण्याचा अधिकार मर्दांचा, हे त्यामागचे गृहीत होते.

३/
मसुद्यावर पुढे बरेच संस्कार झाले. १८६० मध्ये संमत झालेली संहिता १ जानेवारी १८६२ रोजी अमलात आली आणि तिच्या कलम ३७७ ने ‘निसर्गक्रमाविरुद्ध’ संभोगासाठी जन्मठेपेपर्यंतची शिक्षा ठेवली. पेण आणि रोहे तेव्हा ब्रिटिश मुलखातच होते. ज्याला आज ‘आपली संस्कृती’ म्हणून मिरवले जाते, तो दंडक इथे सरकारी कायद्याच्या पुस्तकातून आला.

४/
कृत्यापाठोपाठ चालण्याबोलण्यावरही पहारा बसला. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने उत्तर भारतात हिजड्यांची नोंदणी सुरू केली. नोंद झालेल्याने स्त्रीवेषात चारचौघांत वावरणे हाच गुन्हा ठरला. १८८४ चा अलाहाबादचा खैराती खटला पाहावा. मुरादाबादकडील खैराती स्त्रीवेषात गाताना आढळला, त्याची वैद्यकीय तपासणी झाली आणि सत्र न्यायालयाने त्याला दोषी ठरवले. कृत्याची वेळ, स्थळ, दुसरी व्यक्ती यांपैकी काहीच सिद्ध न झाल्याने उच्च न्यायालयाने त्याला सोडले. पण असे प्रकार रोखण्याच्या अधिकाऱ्यांच्या इच्छेची वाखाणणी करूनच.

५/
बायकीपणाच्या हिणवणीवर अनेक सुशिक्षित भारतीयांचे उत्तर काय होते? मापदंड खोटा आहे, असे म्हणणारे थोडे. आम्हीही त्या मापात बसतो, हे सिद्ध करू पाहणारे पुष्कळ. शरीर कमावण्यात गैर काही नव्हते. चूक होती ती शासकाची फूटपट्टी हातात घेऊन आपल्याच माणसांना मोजण्यात.

६/
या मातीत दुसरी मापे होती. वारकरी पुरुष एकमेकांना ‘माउली’ म्हणतात. ज्ञानदेव माउली, विठ्ठलही माउली. वारीत दाढीमिशा असलेले बाप्ये फुगडी घालतात, उराउरी भेटतात. हा समलैंगिकतेचा पुरावा नव्हे आणि तसा तो कोणी मांडूही नये. पुरुषाने मृदू झाल्यास त्याचे पौरुष गळून पडते, ही समजूत सार्वकालिक नव्हती, एवढे मात्र यावरून निश्चित ठरते.

७/
पेणच्या गणपतीच्या कारखान्यांत पुरुष कारागीर श्वास रोखून मूर्तीच्या डोळ्यांची आखणी करतात. त्या नाजूक हाताला कोणी बायकी म्हणत नाही. रोह्यात धावीर महाराजांच्या पालखीला पोलीस सशस्त्र मानवंदना देतात. वीराला सलामी आणि हळुवार हाताला मान, ही दोन्ही एकाच परिसरात सुखाने नांदतात. माणसाच्या बाबतीत मात्र दोहोंपैकी एकच निवडण्याची सक्ती होते.

८/
त्या सक्तीतही जातवर्गाचा भेद आहे. बालगंधर्वांच्या स्त्रीभूमिका पाहून घरंदाज स्त्रियांनी नेसण्याची ढब उचलली. १९६४ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. तमाशापटांत नाच्या रंगवणारे गणपत पाटील तितकेच कसलेले नट, पण पडद्यावरचे बायकीपण खरे मानून लोकांनी त्यांची आणि कुटुंबीयांची अवहेलना केली. संगीत नाटकाचा पदर वंदनीय आणि तमाशाची लचक हास्यास्पद!

९/
गावातले मित्र आजही गळ्यात हात टाकून बाजारातून फिरतात. त्या स्पर्शाला अर्थ नाही असे सर्वांनी मानलेले असते, म्हणून तो चालतो. ज्याच्यासाठी त्याला अर्थ आहे, तोच सर्वांत ताठ चालतो, हात खिशात ठेवतो, आवाज जाड करतो. एकांतातही हा पहारा उठत नाही. शरीरे जवळ येतात. विचारपूस, कुरवाळणे, रडणे मात्र ‘बायकी’ म्हणून वर्ज्य राहते.

१०/
‘आवड ही आवड असते’ हा आक्षेप येईल. कोणी कोणावर प्रेम करावे, हे ठरवण्याचा अधिकार कोणालाच नाही. परंतु समोरच्याची चाल आणि आवाज तपासणाऱ्या अटीत ओढीपेक्षा धास्ती अधिक असते: याच्यासोबत दिसलो तर मीही ओळखला जाईन. उपहासाचे पहिले दगड बायकी मुलेच झेलतात. त्यांच्या आडोशाला सुरक्षित राहिलेल्यांनी त्यांनाच दार बंद करावे, यासारखी कृतघ्नता नाही.

११/
६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधील संमतीच्या संबंधांना कलम ३७७ मधून मुक्त केले. असंमतीच्या कृत्यांना ते कलम लागू राहिले. १ जुलै २०२४ पासूनच्या भारतीय न्याय संहितेत ते कलमच नाही आणि बलात्काराच्या व्याख्येत पीडित केवळ स्त्री आहे. म्हणजे प्रौढ पुरुषावर अशी बळजबरी झाल्यास त्याला ३७७ चा आधारही उरला नाही. मर्दावर अत्याचार होऊच शकत नाही, हे जुने गृहीत मौनाच्या रूपाने कायद्यात टिकून आहे.

१२/
मेकॉलेचे कलम गेले. त्याची फूटपट्टी राहिली. ती आता कोणा साहेबाच्या हाती नाही. पेणचा तरुण रोह्याच्या तरुणाला तिने मोजतो आणि दोघेही एकटे घरी परततात. न्यायालय कलम रद्द करू शकते. ही फूटपट्टी मोडण्याचे काम मोजणाऱ्यांनाच करावे लागेल.