घरी काम, पण रजा कोणाला?



म्हैसूरच्या जयलक्ष्मीपुरममध्ये महाजन कॉलेज आहे. जवळच मुक्तगंगोत्रीला 1996 साली स्थापन झालेले कर्नाटक राज्य मुक्त विद्यापीठ. काम करून शिकणाऱ्यांची सोय झाली, ही चांगलीच गोष्ट. पण याच शहरात घरी अगरबत्ती वळणाऱ्या भगिनीला "काम घरचंच, केव्हाही कर, केव्हाही शीक" असे सांगतात, ते आम्हांला पटत नाही. तिची मजुरी हजार काड्यांवर. मूल तापले, सासूला दवाखान्यात न्यायचे झाले, स्वतःची परीक्षा आली, की काड्या कमी आणि पैसेही कमी. वेळ तिचा म्हणतात, तोटाही तिचाच.

रेल्वे-टपालातील भगिनींना 2008 पासून मुलांच्या आजारपणासाठी, परीक्षेसाठी सबंध सेवेत 730 दिवसांची पगारी बालसंगोपन रजा आहे. (अर्ज मंजूर करून घेणे ही वेगळी लढाई!) नियमांत अभ्यास रजाही आहे. अगरबत्तीवालीने अर्ज कोणाकडे करायचा?

घरी काम करणाऱ्यांना इतर कामगारांच्या बरोबरीने वागवावे, असा 177 क्रमांकाचा करार आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने 1996 सालीच जिनिव्हात संमत केला. भारत सरकारने त्याला अद्याप मान्यता दिलेली नाही. घरी विडी वळणाऱ्यांना तर आपल्याच देशाने 1966 साली कायद्याने कामगार मानले होते. फेडरेशनच्या पुढच्या मागणीपत्रात अगरबत्ती वळणाऱ्यांच्या पगारी रजेचे कलम घ्यावे, असे आम्ही सुचवतो.