विष उशिरा चढतं, फाइल लवकर बंद होते

बंगळुरूतल्या एका चर्चासत्रात मी यवतमाळच्या फवारणी-विषबाधेवर बोलले. पहिलाच प्रश्न आला: "ते लोक हातमोजे का घालत नाहीत?"

२०१७च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशी फवारताना शेकडो शेतकरी-शेतमजुरांना विषबाधा झाली, वीसच्या आसपास माणसं दगावली. तेव्हाही बोट आधी फवारणाऱ्यांकडेच वळलं.

वापरात मोनोक्रोटोफॉससारखी ऑरगॅनोफॉस्फेट कीटकनाशकंही होती. हे विष टप्प्याटप्प्यानं मारतं. आधी घाम, लाळ, उलट्या. त्यावर अ‍ॅट्रोपिन चालतं. माणूस सावरला असं वाटतं. मग एक ते चार दिवसांत काहींना उशीवरून मान उचलता येत नाही, खांदे-मांड्यांतलं बळ जातं, श्वासाचे स्नायू थकतात. इथे अ‍ॅट्रोपिनचा उपयोग नाही, व्हेंटिलेटर लागतो. काही ऑरगॅनोफॉस्फेटमुळे तर दोन-तीन आठवड्यांनी पाय लुळे पडतात.

हे कुणाला ठाऊक नव्हतं असं नाही. पुण्याच्या ससूनमधल्या डॉ. वाडिया आणि सहकाऱ्यांनी डायझिनॉन विषबाधेच्या २०० रुग्णांचा अभ्यास १९७४ मध्ये छापला. उशिरा येणारी, अ‍ॅट्रोपिनला दाद न देणारी लक्षणं त्यात नोंदलेली आहेत. १९८७ मध्ये श्रीलंकेतल्या अभ्यासातून त्याला 'इंटरमीडिएट सिंड्रोम' हे नाव मिळालं. आणि १९७१चे कीटकनाशक नियम सांगतात की या रसायनांत काम करणाऱ्याच्या रक्तातलं कोलिनेस्टरेज दर महिन्याला तपासावं.

ज्ञान होतं, कायदा होता. मग रोजंदारीवर फवारणाऱ्या कोणत्या मजुराचं रक्त दरमहा तपासलं जातं?

विदर्भात पाठीवर पंप घेणाऱ्यांत दलित, आदिवासी, भटके भूमिहीन मोठ्या संख्येनं आहेत. जात फक्त कामं वाटत नाही, काम करणाऱ्यांची उतरंड लावते, हे बाबासाहेबांनी १९३६ मध्येच दाखवलं. त्या उतरंडीच्या तळाशी शरीराचा हिशेब दोनच रकान्यांत होतो: मेला किंवा बरा झाला. घरी परतून ज्याला पंप उचलवत नाही, भाकरीचा घास चावताना धाप लागते, त्याच्यासाठी रकानाच नाही. रोज बुडाला की लोक म्हणणार, आळशी झाला.

म्हणून मागणी साधी आहे. विषबाधित मजुराला पहिले चार दिवस दवाखान्यातच देखरेखीखाली ठेवा आणि त्या दिवसांची मजुरी द्या. महिनाभर घरी जाऊन त्याची मान, हात, पाय तपासा. कायमचं अधूपण आलं तर भरपाई द्या. मासिक रक्ततपासणी कागदावरून शेतापर्यंत आणा.

हातमोज्यांवर त्यानंतर जरूर बोलू. पण आधी सांगा, त्याची मान उचलते का हे पाहायला तिसऱ्या दिवशी कोण गेलं होतं?