मनाई नव्हे, ताकीद

इंग्रजी ‘एन्जॉइन’ या क्रियापदासाठी मराठीत ‘मनाई करणे’ लिहिणाऱ्यांनी शब्दाचा अर्धाच अर्थ घेतला आहे, आणि जो अर्धा गाळला तोच जास्त धोक्याचा आहे, असे माझे स्पष्ट म्हणणे आहे.

मूळ लॅटिन ‘इन्युंगेरे’ म्हणजे जोडणे, लादणे. संस्कृत ‘युज्’ आणि आपल्या बैलाच्या मानेवरचे ‘जू’ याच घराण्यातले. जू बैलाला ओढायला लावते आणि भरकटूही देत नाही. ‘एन्जॉइन’चेही तसेच आहे. धर्म दान ‘एन्जॉइन’ करतो तेव्हा ते करायला सांगतो. पण पुढे ‘फ्रॉम’ आले की तेच क्रियापद हात धरून थांबवते.

‘इन्जंक्शन’ हे त्याचेच नाम. १९६३च्या स्पेसिफिक रिलीफ ॲक्टमधले ३८वे कलम रोखणाऱ्या हुकमाचे, तर ३९वे काही करायला भाग पाडणाऱ्या हुकमाचे. आपण दोन्हींना ‘मनाई हुकूम’ म्हणतो. मग दुसऱ्याचा अर्थ काय लावायचा? करायला लावणारी मनाई? कन्नडमधला ‘तडेयाज्ञे’, म्हणजे अडवणारी आज्ञा, हाही इथे तितकाच तोकडा पडतो.

हा केवळ कोशकारांचा वाद नाही. मी बेंगळुरूत राहतो. इथल्या दिवाणी न्यायालयाने जुलै २०२५मध्ये धर्मस्थळ प्रकरणी दुसऱ्या बाजूचे न ऐकताच हुकूम दिला. बदनामीकारक मजकूर यापुढे प्रसिद्ध करू नका, असे त्यात होते. आणि आधीचे ८,०००हून अधिक दुवे काढून टाका, असेही होते. एका यूट्यूब वाहिनीच्या याचिकेवर १ ऑगस्टला कर्नाटक उच्च न्यायालयाने तो हुकूम रद्द केला. मात्र ‘मनाई’ एवढेच वाचणाऱ्या मराठी वाचकाला वाटणार, लोकांना फक्त गप्प बसायला सांगितले होते. बोललेले पुसायलाही लावले होते, हे त्या शब्दातून कळतच नाही.

आपल्याकडे नेमका शब्द आहे: ताकीद. ‘उद्या हजर राहा’ ही ताकीद, ‘पुन्हा इथे फिरकू नकोस’ हीही ताकीद. मराठेशाहीच्या दफ्तरांत ताकीदपत्रे आहेत. दिवाणी दाव्यांच्या कागदांत ‘निरंतर ताकीद’ आजही भेटते.

शब्द अरबी आहे, म्हणून काही जण नाक मुरडतात आणि संस्कृतातून घडवलेला ‘व्यादेश’ पुढे करतात. तो कुणाच्या तोंडी आहे? शिवाय ‘हुकूम’ही अरबीच, आणि ‘मनाई’चे मूळही तिथलेच, त्यांना कुणी परके म्हणत नाही. याच बेंगळुरूत शहाजीराजांच्या पदरी असलेला जयराम पिंड्ये अनेक भाषांत कविता करत होता. त्या दरबाराचा अभिमान सांगणाऱ्यांनी तरी शब्दाची जात विचारू नये.

ज्याच्या मानेवर जू ठेवले जाते, त्याला थांबायला सांगितले आहे की ओढायला, एवढे तरी त्याच्या भाषेत कळले पाहिजे. भाषांतरकाराने ते लपवणे म्हणजे हुकूम देणाऱ्याची चाकरी करणे होय.