नातवंडांचा नाताळ आणि आजीच्या गोळ्या

डिसेंबर उजाडला की खराडीत संध्याकाळी चांदण्या लुकलुकू लागतात. उंच इमारतींच्या सज्जांत त्या असतात, तशाच चंदननगरच्या चाळींच्या दारांवरही असतात. नगर रस्त्याच्या या टोकाला अहिल्यानगर जिल्ह्यातून येऊन स्थायिक झालेली मराठी ख्रिस्ती कुटुंबे बरीच आहेत. त्यांच्या घरांतून या दिवसांत करंज्या-शंकरपाळ्यांचा वास येतो. अलीकडे इतर धर्मांच्या घरांतील मुलेही सोसायटीतल्या सांताक्लॉजची वाट पाहतात. सण आनंदाचा आहे, यात शंका नाही. तरीही याच महिन्यात माझ्या दवाखान्यात वाढलेल्या रक्तदाबाचे काही ज्येष्ठ रुग्ण असे येतात की, त्यांच्या आजाराचे मूळ शरीरात नसून घरच्या जमाखर्चात सापडते.

मागील वर्षी डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात सत्तरी ओलांडलेल्या एक आजी आल्या. डोके जड होते, चालताना धाप लागत होती. रक्तदाब १८८/१०४ भरला. वर्षानुवर्षे नियमित गोळ्या घेणाऱ्या या बाई. मी पिशवीतील औषधे पाहिली. दिवाळीआधी घेतलेल्या पाकिटांत अजून गोळ्या शिल्लक होत्या. विचारले, तेव्हा थोडा वेळ त्या गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “डॉक्टर, एक दिवसाआड घेते. चार नातवंडं आहेत. मुलाचं काम सुटलंय. नाताळ वर्षातून एकदाच येतो.”

त्यांना दिवंगत पतीच्या नोकरीचे निवृत्तिवेतन मिळते. आपल्या वाचकांपैकी अनेकांना या रकमांची कल्पना आहे. कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेतील किमान रक्कम २०१४ मध्ये महिना १,००० रुपये ठरली. श्रावणबाळ योजनेत राज्य शासन महिना १,५०० रुपये देते. एवढ्या पैशांत औषधे, दूध, रिक्षा आणि नातवंडांचा सण बसवायचा, तर काहीतरी बाहेर पडणारच. आणि जे काढले तरी कुणाला दिसत नाही, तेच आधी बाहेर पडते. आजीची गोळी कुणालाच दिसत नाही.

येथे मला माझीही चूक सांगितली पाहिजे. बारा वर्षे मी त्यांना औषधे लिहून देत होतो, परंतु “महिन्याला किती पडतात?” हा प्रश्न एकदाही विचारला नव्हता. त्या दिवशी विचारला. तेराशेच्या आसपास, असे उत्तर मिळाले. तीच औषधे मूळ नावाने लिहून दिली आणि जनऔषधी केंद्रातून घ्यायला सांगितली, तेव्हा खर्च पाचशेच्या आत आला. वाचकहो, आपल्या डॉक्टरांना हा प्रश्न आपण स्वतःहून विचारा. त्यात संकोच वाटण्यासारखे काहीही नाही.

औषधात काटकसर करण्याचे धोके थोडक्यात सांगतो. मेटोप्रोलॉल किंवा ॲटेनोलॉलसारखी गोळी एकाएकी थांबवली, तर छातीत दुखणे, धडधड, क्वचित हृदयविकाराचा झटकाही येऊ शकतो. इन्सुलिन चुकवणे तर कधीच परवडत नाही. हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय मोडून अर्ध्या घेऊ नयेत. रक्तदाब वाढला तरी अनेकांना काहीच जाणवत नाही. म्हणून “मला तर बरे वाटते” हा पुरावा धरू नये.

त्या दिवशी औषधांच्या चिठ्ठीमागे आम्ही दोघांनी एक हिशोब मांडला. प्रथम औषधांचे पैसे बाजूला काढले. ते मोजायचेच नाहीत, असे ठरले. उरलेल्यातून संपूर्ण सणासाठी २,००० रुपये निघाले. चार नातवंडांना प्रत्येकी २५० प्रमाणे १,०००. फराळाला ६००. चर्चमधील अर्पणासाठी २००. रिक्षा, रंगीत कागद, खेळण्याचे सेल असल्या नजरेआड खर्चांसाठी २००. बेरीज पूर्ण झाली, तेव्हा आजींचा चेहरा जरा सैल झाला. एकूण आकडा आधी ठरवावा आणि मग वाटण्या कराव्यात, हाच या हिशोबाचा गाभा. आधी वस्तू पसंत करून मग पैसे शोधायला निघालो की माणूस उसनवारीत किंवा हप्त्यांत अडकतो, आणि जानेवारीत शाळेची फी व घरभाडे दारात उभे असते.

अडीचशे रुपयांत काय येते, असा प्रश्न पडेल. तुळशीबागेत भातुकली मिळते. अप्पा बळवंत चौकात गोष्टींची पुस्तके मिळतात. सापशिडी-ल्युडोचा पट, जलरंग, चेंडू हेही या रकमेत बसते. खेळण्यावर आयएसआय चिन्ह आहे का, ते पाहा. १ जानेवारी २०२१ पासून ते आपल्या देशात बंधनकारक आहे. तीन वर्षांखालील बाळाच्या खेळण्यात सुटे होणारे बारीक भाग नसावेत. स्वस्त लुकलुकत्या खेळण्यांतील बटणासारखे चपटे सेल फार घातक असतात. असा सेल मुलाने गिळला, तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते. उलटी करवू नये, वाट पाहू नये, तत्काळ मोठ्या रुग्णालयात न्यावे. बारीक, शक्तिशाली लोहचुंबक गिळले गेले तरी तसेच करावे.

आता घरातील मुलगा, सून, लेक यांच्यासाठी दोन शब्द. “आई, तुम्ही काही आणू नका” असे म्हणून प्रश्न सुटत नाही. ज्या हातांनी आयुष्यभर दिले, त्यांना देणे थांबवायला सांगणे म्हणजे त्यांना घरात पाहुणे करून ठेवणे होय. त्याऐवजी त्यांच्यासोबत बसून रक्कम ठरवा. “मुलांचे कपडे आम्ही पाहतो, पुस्तके तुम्ही द्या” अशी वाटणी करा. आणि “गोळी घेतली का?” असे विचारू नका, कारण त्याला नेहमीच “हो” हे उत्तर मिळते. पाकिटातील गोळ्या मोजा. औषधाच्या बिलावरील तारीख पाहा.

मुलांनाही खरे सांगावे. सहा-सात वर्षांच्या मुलाला “या वर्षी एकच वस्तू आणायची आहे, कोणती आणू?” हा प्रश्न नीट कळतो. आमच्या खराडीत एकाच वर्गात उंच इमारतीतले आणि चाळीतले मूल शेजारी बसते. त्यामुळे तुलना होणारच. ती टाळण्यासाठी कर्ज काढण्यापेक्षा घरातील खरी परिस्थिती शांतपणे सांगितलेली बरी. मूल एक दिवस रुसेल. पण घरात काहीतरी लपवले जात आहे, ही भीती त्याच्या मनात राहणार नाही.

पुढील वर्षाची तयारी जानेवारीतच सुरू करावी. दरमहा १७० रुपये वेगळ्या डब्यात टाकले, तर डिसेंबरपर्यंत २,००० हून थोडे अधिक जमतात. शेजारणींची विश्वासाची भिशी असेल तर डिसेंबरचा क्रमांक मागून घ्यावा.

त्या आजी जानेवारीत पुन्हा आल्या. रक्तदाब १४२/८४ होता. धाकट्या नातवाला मोठी गाडी हवी होती, तो दोन दिवस फुरंगटून बसला होता, हेही त्यांनी सांगितले. मग सापशिडीत आजीला सतत हरवता येते हे कळल्यावर त्याचा राग गेला. जाताना त्यांनी करंज्यांचा डबा टेबलावर ठेवला आणि माझ्या पोटाकडे पाहून “दोनच खा” असे बजावले.

हा अंक खाली ठेवल्यावर एक काम करा. आपली किंवा आपल्या घरातील ज्येष्ठांची औषधाची डबी उघडा आणि गोळ्या मोजा. हिशोबापेक्षा जास्त उरल्या असतील, तर रागावू नका. त्या का उरल्या, ते मायेने विचारा.