सत्तर चिन्हांची वर्दी

मराठी माणूस लोकलमध्ये ज्यावर बोलत नाही असा विषय अजून जन्माला यायचा आहे. सरकार, सासू, तुरीच्या डाळीचा भाव, शेजाऱ्याच्या मुलाला पडलेले गुण आणि स्वतःच्या गुडघ्याचे दुखणे, या साऱ्यांवर तो डोंबिवलीपासून दादरपर्यंत अखंड बोलतो. एकाच माणसाशी तो चकार शब्द काढीत नाही. समोरच्या बाकावर दारू पिऊन शिव्या देत बसलेल्या उतारूशी! तिथे मात्र तो एकदम खिडकीबाहेरच्या निसर्गशोभेत रंगून जातो. आणि कुर्ला ते शीव या टापूत निसर्गशोभा किती आहे, हे मी तुम्हांला सांगायला नको.

हे मौन आजचे नाही, आणि ज्यावर ते पाळले जाते तो उपद्रवही आजचा नाही. गांधीजींनी १९१७ साली तिसऱ्या वर्गाच्या प्रवासावर एक पत्र लिहिले. त्यात त्यांनी रेल्वेच्या कारभाराला जसे खडसावले, तसे उतारूंनाही सोडले नाही. डब्याची पिकदाणी करणे, विड्या फुंकणे, आरडाओरडा करणे, अर्वाच्य बोलणे, ही सारी यादी त्यात आहे. शंभर वर्षांत तिच्यात भर पडली ती एवढीच, की हल्ली काही मंडळी फोनवरची गाणी साऱ्या डब्याला फुकट ऐकवतात.

बरे, गप्प बसायचे नाही असे कुणी ठरवलेच, तर त्याने करायचे काय? पूर्वी उपाय दोनच. एक बाहू आणि दुसरी साखळी. बाहूंविषयी मी बोलू नये. माझ्या बाहूंनी आजवर उचललेली सर्वांत जड वस्तू म्हणजे उत्तरपत्रिकांचा गठ्ठा. राहिली साखळी. ती ओढली की गाडी थांबते, मागच्या गाड्या खोळंबतात, हजारो माणसांची हजेरीपुस्तके बिघडतात. शिवाय सबळ कारणावाचून ती ओढणे हा गुन्हा. कारण सबळ होते की नव्हते, हा वाद घालायला तो दारुडा थांबत नाही, आपल्याला थांबावे लागते.

म्हणून ही तिसरी सोय मला फार मोलाची वाटते. गुपचूप फोन काढायचा, संदेश पाठवायचा, आणि पुन्हा निसर्गशोभेत रंगून जायचे! १९९२ च्या ३ डिसेंबरला इंग्लंडात जगातला पहिला लघुसंदेश गेला, तो नाताळच्या शुभेच्छांचा होता. त्याच देशाच्या रेल्वे पोलिसांनी २०१३ मध्ये ६१०१६ हा क्रमांक जाहीर केला. गाडीत कुणी त्रास देत असेल तर तोंड न उघडता या क्रमांकावर कळवा, असे त्यांनी उतारूंना सांगितले. आपल्याकडेही रेल्वेच्या सुरक्षेसाठीचा वेगळा १८२ क्रमांक २०२१ मध्ये १३९ या एकाच क्रमांकात मिसळून टाकण्यात आला. ‘रेलमदद’ या व्यवस्थेत आता फोनने, संदेशाने किंवा ॲपवरून तक्रार नोंदवता येते. आणि १९८९ च्या रेल्वे कायद्याचे १४५ वे कलम नशेत असलेल्या, अश्लील वागणाऱ्या वा शिवीगाळ करणाऱ्या उतारूला गाडीतून खाली उतरवण्याची मुभा देते. म्हणजे कायदा आहे, क्रमांक आहे, खिशात यंत्रही आहे. उणीव आहे ती चार शब्द नेमके लिहिण्याची.

इथे माझा, म्हणजे मराठीच्या मास्तराचा, प्रांत सुरू होतो. रोमन लिपीत लिहिलेल्या एका लघुसंदेशात १६० अक्षरे मावतात. देवनागरीत लिहिला तर चिन्हे मावतात फक्त ७०. त्यातही काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, पूर्णविराम आणि रिकामी जागा, सगळ्यांचे भाडे निराळे. जोडाक्षर तर दोन व्यंजने आणि मध्ये दडलेले पाय मोडल्याचे चिन्ह मिळून तीन जागा अडवते. त्याहून लांब लिहिले तर संदेशाचे तुकडे पडतात आणि खर्च वाढतो. आमच्या भाषेला एवढ्या तोकड्या अंगरख्यात कुणी कधी बसवले नसेल!

गेल्या वर्षी मी वर्गात हाच गृहपाठ दिला. ‘तुम्ही गाडीत आहात, समोर एक इसम उपद्रव देत आहे, सत्तर चिन्हांत कळवा.’ मुलांनी जे लिहून आणले ते वाचून मला आमच्या शिक्षणाची काळजी वाटू लागली. एकाने ‘सविनय सादर विनंती विशेष’ असा प्रारंभ केला आणि तिथेच त्याची जवळजवळ एक तृतीयांश जागा संपली. दुसऱ्याने त्या इसमाच्या लाल डोळ्यांचे सुरेख वर्णन केले, पण गाडी कोणती ते सांगितले नाही. तिसऱ्याने समाजाच्या अधःपाताबद्दल खंत व्यक्त केली. पोलिसांनी त्या खंतीला कोणत्या फलाटावर गाठावे?

एका मुलीच्या वहीत मात्र एवढेच होते: ‘सीएसएमटी जलद, डबा ४३१२, ठाणे सुटले. दारुडा मुलींना छळतो. घाटकोपरला या.’

मी मोजले. बरोबर सत्तर. एक विशेषण नाही, एक उसासा नाही. कुठली गाडी, कुठला डबा, आता कुठे, काय चालले आहे, कुठे यावे. जे हवे ते सारे. मी शाबासकी दिली, तेव्हा ती म्हणाली, “सर, हे मी गृहपाठासाठी लिहिलं नाही. हे मी पाठवलं होतं.”

मग तिने हकीकत सांगितली. तिची परवानगी घेऊनच ती इथे देतो. आमचा पहिला तास साडेसातचा. त्यासाठी ती पहाटेची गाडी पकडते. त्या वेळी महिलांच्या डब्यात दहा-बारा जणी. ठाण्याला एक जण चढला. रात्रीची अजून उतरलेली नव्हती. दोघी कॉलेजकुमारींच्या पुढ्यात उभा राहून तो काहीबाही बोलू लागला. एक बाई म्हणाल्या, “मुलींनो, इकडे येऊन बसा.” त्या उठल्या, तो मागे आला. हिने ओढणीआड फोन धरला. घाटकोपरला दोन शिपाई आणि एक महिला शिपाई दाराशी उभे होते. त्याला उतरवले, गाडी नेहमीइतकीच थांबली आणि सुटली. कुणी कळवले, हे डब्यात कुणालाच कळले नाही, आणि त्यालाही नाही. रोज त्याच गाडीने जाणाऱ्या मुलीला हे न कळणे किती मोठे संरक्षण आहे, याचा आपण बाप्ये मंडळी सहसा विचार करीत नाही.

“घरी काय म्हणाले?” मी विचारले.

“घरी सांगितलं नाही सर. सांगितलं असतं तर तो मोकळा आणि मी घरात!”

मी गप्प झालो. चर्चगेट ते बोरिवली अशी फक्त महिलांसाठीची गाडी १९९२ मध्ये सुरू झाली, त्यालाही आता तीन दशके उलटली. पण डब्यातल्या उपद्रवाची शिक्षा म्हणून मुलीचे कॉलेज बंद करण्याची रीत अजून चालूच आहे. त्या सत्तर चिन्हांनी एक दारुडा उतरवला ही बाब लहान. त्यांनी एका मुलीचा पहिला तास वाचवला, ही मोठी.

ही गोष्ट मी आमच्या गणिताच्या प्राध्यापकांना सांगितली, तर ते म्हणाले, “अहो, पण ही चहाडीच की! उद्या कुणीही कुणाचंही नाव पाठवील.” त्यांची शंका खोटी नाही. आमच्याच डब्यात एकदा एक गृहस्थ बरळू लागले, झोकांड्या खाऊ लागले, शेजाऱ्याच्या अंगावर खेकसले. दोघातिघांचे हात खिशाकडे गेले. तेवढ्यात एका आजीबाईंनी त्यांचे कपाळ पाहिले. घामाने थबथबलेले! त्यांनी पिशवीतला पेढा पुढे केला आणि “आधी हे खा रे बाबा,” म्हणाल्या. मधुमेहाच्या औषधानंतर ते उपाशी निघाले होते. रक्तातली साखर उतरली होती. दहा-पंधरा मिनिटांनी तेच गृहस्थ ओशाळून सगळ्यांची क्षमा मागत होते.

म्हणजे संदेश पाठवू नये असे का? छे! त्या वेळीही तो हवाच होता. फक्त त्यात ‘दारुडा’ हा शब्द नको होता. ‘इसम बरळतो, घामाघूम, तोल जातो’ एवढेच लिहिले असते, तर पुढच्या स्थानकावर पोलिसाबरोबर डॉक्टरही आला असता. पाहिले ते लिहावे, निवाडा लिहू नये. भजनी मंडळींचे टाळ आपल्या झोपेला सोसत नाहीत, किंवा समोरच्याचे कपडे मळके आहेत, ही गैरसोय झाली, उपद्रव नव्हे. तिला १३९ नको, कापसाचे दोन बोळे पुरतात.

आणि चहाडीबद्दल म्हणाल, तर आपल्या भाषेत त्यासाठी दोन निराळे शब्द आहेत. चहाडी करतात ती कुणाला तरी खाली पाडण्यासाठी. वर्दी देतात ती कुणाला तरी वाचवण्यासाठी. हा जुना शब्द हल्ली शाळेच्या रिक्षावाल्या काकांपाशीच तेवढा, आणि तोही निराळ्या अर्थाने, उरला आहे. तो परत आणायला हवा.

दिवाळीत तुम्ही सहकुटुंब कुठे ना कुठे जालच. फराळाचे डबे भरताना घरातल्या प्रत्येकाच्या फोनात १३९ हा क्रमांक लिहून ठेवा. गाडीत बसलात की डब्याचा क्रमांक आत कुठे रंगवला आहे, तो पाहून ठेवा. आणि तुमच्या लेकीने घरी येऊन असे काही सांगितलेच, तर उद्यापासून जाऊ नकोस, हे वाक्य गिळून टाका. काय लिहिलेस, ते तेवढे तिला विचारा.